नाडाछडीची गाठ

कलावतीबाई इंगोले यांना फसवणं भिलाईच्या नेहरू नगरात अजून कुणाला जमलेलं नाही, असं त्या स्वतःच सांगत. दूधवाला दारात आला की त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग दुधाकडे. गॅसचं सिलिंडर आलं की हमालाला थांबवून ते हलवून पाहत, सीलवरून बोट फिरवत, आणि एवढं करूनही तो जिना उतरला की म्हणत, काहीतरी केलंच असेल मेल्यानं. काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण केलेलं असणार याबद्दल मनात शंका नसे. शंका फक्त कुणी केलं याची.

नवरा कृष्णराव रेल्वेत मालगाडीचा गार्ड. भिलाई-तीनच्या यार्डातून डबा-बिस्तरा घेऊन निघाला की परत कधी येईल याचा नेम नाही. बडनेऱ्याहून लग्न करून आलेली मुलगी, परका मुलूख, चारी बाजूंना हिंदी, आणि घरात दिवसचे दिवस एकटी. अशा बाईनं घाबरून राहायचं किंवा सावध राहायचं. कलावतीबाईंनी सावध राहायचं ठरवलं, आणि पुढे घाबरण्यासारखं काही उरलं नाही तरी ती सवय सुटली नाही. कृष्णराव थट्टा करत की हिला टायपिंगच्या क्लासात नाही, पोलिसात घ्यायला हवं होतं. बाईंना याचा राग येत नसे. मनातून बरंच वाटे.

क्लास त्यांचा स्वतःचा होता. शिलाई मशीनच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, भिंतीकडे तोंड करून मांडलेले टाइपरायटर, आणि दारावर 'प्रगती कमर्शियल इन्स्टिट्यूट' अशी पाटी. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्कची जागा निघाली की प्लांटच्या वसाहतीच्या सेक्टरांमधली मुलंमुली टायपिंगचं सर्टिफिकेट घ्यायला जिना चढत. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात रिबिनी, कार्बन, कागदाचे रीम. या कपाटासाठी बाईंची एक खास युक्ती होती. कुलूप लावून झालं की स्वतःच्या डोक्याचा एक लांब केस काढायचा, थुंकीनं ओला करायचा आणि दोन्ही दारांच्या फटीवर आडवा चिकटवायचा. आपल्या मागे कुणी दार उघडलं तर केस जागेवर राहणार नाही. सकाळी आल्यावर आधी देवाच्या तसबिरीला नमस्कार आणि लगेच केसाचं दर्शन. इतक्या वर्षांत तो केस एकदाही हललेला दिसला नव्हता. त्यामुळे क्लासातली माणसं प्रामाणिक आहेत असं त्या मानत. केस पाहून मानत, माणसं पाहून नाही.

क्लासातली माणसं म्हणजे खरं तर एकच माणूस, हिरा. ती बाईंची पहिली विद्यार्थिनी. वर्ध्याकडची मुलगी, लग्न झालं तसं मोडलं, आणि रुआबांध्याला भावाच्या घरी येऊन पडली. टायपिंग शिकायला आली ती शिकवायलाच राहिली. सकाळची बॅच बाईंची, दुपारची हिराची. दुपारी बाई घरी जाऊन जेवत आणि जरा आडव्या होत, म्हणून क्लासाची दुसरी चाबी हिराच्या पदराला बांधलेली असे. तिच्या भावजयीच्या घरात त्या चाबीला मान होता. कामावर जाणारी नणंद आणि घरी बसलेली नणंद यांना एकाच घरात वेगवेगळा चहा मिळतो, हे हिरानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं. बाई तेव्हा हसल्या नव्हत्या. ही आपल्याला हे का सांगते आहे, असं त्यांच्या मनात आलं होतं.

ब्याण्णवच्या सुमाराला हायवेच्या बाजूला अरुणकुमार देशमुखनं काचेच्या दाराचं कॉम्प्युटर सेंटर उघडलं. अरुणकुमार प्लांटमधल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा, बोलायला गोड, महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. टायपिंगला येणारी मुलं खालून जाताना वर नुसती मान करायची आणि काचेच्या दाराकडे वळायची. बाईंनी एक पावसाळा हे पाहून घेतलं. मग हातातल्या पाटल्या मोडल्या आणि रायपूरहून एक कॉम्प्युटर आणवला. आडवा लोखंडी डबा, त्यावर टीव्हीसारखा पडदा, पडद्यावर हिरवी अक्षरं. डबा चालू केला की आतून एकसारखी घुंऽऽ घुंऽऽ चाले, आणि त्या आवाजानं बाईंचं डोकं उठे. टाइपरायटरची खटखट त्यांना कधी त्रास देत नसे, पण ती बोटांनी केलेली खटखट. हा डबा स्वतःच बोलायचा.

सुरुवातीला बाई त्याला कुणाला हात लावू देत नसत. पण दुपारच्या बॅचची मुलंही कॉम्प्युटरचं नाव ऐकूनच आलेली, त्यामुळे शेवटी हिराला शिकवणं भाग पडलं. हिरा पटकन शिकली. इतकी पटकन, की बाईंना ते फारसं आवडलं नाही.

खंडेनवमीला क्लासात दरवर्षी यंत्रांची पूजा असे. प्लांटमध्ये विश्वकर्मा पूजा होते तशीच ही बाईंची, फक्त आपल्या पद्धतीनं. सगळी मशिनं पुसायची, तेलपाणी करायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि प्रत्येक मशिनाला नाडाछडी बांधायची. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही पूजा झाली. हिरा तबक धरून उभी होती. आणि लाल-पिवळा नाडा हातात घेतला तेव्हा बाईंना एक विचार सुचला.

मशीन विकणाऱ्या माणसानं सांगितलं होतं की मागचे स्क्रू आपण कधी उघडायचे नाहीत. याचा बाईंनी घेतलेला अर्थ असा की उघडणारे असतात. आतला चांगला माल काढून जुना घालून देतात असं त्यांनी ऐकलंही होतं, कुणाकडून ते आठवत नव्हतं. त्यांनी नाडा डब्याभोवती दोन वेढे देऊन आवळला, मागे स्क्रूंच्या वरून नेला आणि तिथे आपली खास गाठ मारली, दोनदा उलटी फिरवून घेतलेली. ही गाठ सोडवली तर तशीच परत कुणाला मारता येणार नाही. राहिलेली लांब टोकं लोंबत होती, ती साडीचा काठ खोचावा तशी त्यांनी बोटानं मागच्या जाळीत खोचून दिली. हिरानं कारण विचारलं, एवढं आवळून कावून बांधता. बाई म्हणाल्या, देवाचा नाडा सुटू नये.

दसऱ्यानंतर क्लास उघडला तेव्हा बाईंना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की डबा शांत झाला होता. घुंऽऽ घुंऽऽ बंद. टाइपरायटरला तेल दिलं की तो मऊ चालतो, कुरकुरत नाही, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. त्यांनी हिराला, विद्यार्थ्यांना आणि घरी कृष्णरावांना आनंदानं सांगितलं की पूजा केल्यापासून मशीन कसं शहाण्यासारखं वागतंय.

आणि त्याच आठवड्यात ते वेड्यासारखं वागायला लागलं.

दुपारी हिरा जिना उतरून, गल्ली ओलांडून धावत बाईंच्या घरी आली. पडद्यावरची अक्षरं थरथरतात, मग ओळी खालीवर पळतात, आणि मग सगळं जागच्या जागी थिजून जातं, कुठलंही बटन दाबा, काही होत नाही. बाई चप्पल घालून, घराला कुलूप लावून, कुलूप ओढून पाहून, क्लासात पोचल्या. हिरानं मशीन बंद करून ठेवलं होतं. बाईंनी चालू केलं. हिरवी अक्षरं स्थिर उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं. बाईंनी हिराकडे पाहिलं. हिरा म्हणाली, "आताच होऊन राहिलं होतं बाई, देवाशपथ." शपथ घ्यायची काय गरज होती, असं बाईंच्या मनात आलं.

त्यानंतर हे रोजचं झालं. सकाळी बाईंच्या बॅचला मशीन थोडा वेळच लागे आणि तेवढ्यात ते नीट चाले. दुपारी हिराच्या हाताखाली ते बराच वेळ चालू राही, आणि मग अक्षरं थरथरायला लागत. बाईंनी हातपाय हलवले नाहीत असं म्हणता येणार नाही. स्टॅबिलायझर बदलून आणला. पडद्याची वायर मागून काढून, फुंकर मारून परत बसवली. कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून प्लांटची लाल धूळ आणि कुणीतरी खाल्लेल्या चिवड्याचा एक पोहा पडला. त्या पोह्यावरून दोन विद्यार्थ्यांची उलटतपासणी झाली. ट्यूबलाइट बंद करून पाहिली, टेबल भिंतीपासून सरकवलं, प्लगची जागा बदलली. कृष्णराव एका मुक्कामात घरी होते, त्यांनी सांगितलं की लाइनवर व्होल्टेज पडत असेल, प्लांटनं मोठी मोटर चालू केली की आमच्या यार्डातले दिवेसुद्धा मिचमिचतात. बाई म्हणाल्या, मग ते व्होल्टेज फक्त हिराच्याच बॅचला कावून पडते. कृष्णरावांनी पेपर उचलला.

आणि रोज सकाळी, केसाचं दर्शन झालं की, बाई डब्याच्या मागे वाकून गाठ बघत. गाठ जशीच्या तशी. म्हणजे डबा कुणी उघडलेला नाही. बाहेरून कुणी काही केलेलं नाही. मग जे होतंय ते समोरून होतंय, समोर बसणाऱ्या हातांनी होतंय. इतका सरळ हिशेब होता की बाईंना स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. हिराबद्दल असं काही मनात आणताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं आणि डोळे मिटून बसणं या दोन गोष्टी त्यांनी कधी एक होऊ दिल्या नव्हत्या. जाताजाता त्यांनी गाठ आणखी थोडी आवळली आणि सुटलेलं टोक परत जाळीत खोचलं.

मंडळाचा कोजागिरीचा दुधाचा कार्यक्रम त्या वर्षी पावसामुळे पुढे गेला आणि दोन आठवड्यांनी मैदानात झाला. बाई रांगेत पेला घेऊन उभ्या होत्या, तेव्हा त्यांना मांडवाच्या खांबाशी हिरा दिसली, आणि तिच्यासमोर अरुणकुमार. हिरा हळू आवाजात काहीतरी विचारत होती, तो हातांनी चौकोनी आकार दाखवून समजावत होता आणि हसत होता. हिराची नजर बाईंवर पडली आणि ती बोलायची थांबली. दूध आटीव होतं, केशर घातलेलं होतं, पण बाईंना त्याची चव लागली नाही. काचेच्या दाराच्या सेंटरला एकच गोष्ट हवी असणार, 'प्रगती'चं मशीन बंद पडायला हवं. आणि मशिनाशी दुपारभर एकटं कोण असतं?

रायपूरहून इंजिनिअर बोलावला, तो सकाळच्या बसनं आला. मशीन चालू केलं, अक्षरं खिळ्यांसारखी घट्ट. त्यानं बराच वेळ वाट पाहिली नाही, त्याला पुढे दुर्गला जायचं होतं. म्हणाला, वर्कशॉपला नेतो. बाई म्हणाल्या, मशीन क्लासाच्या बाहेर जाणार नाही. म्हणाला, मग इथेच उघडतो. बाई म्हणाल्या, उघडा, पण आधी तुमची बॅग उघडून दाखवा, आत काय काय आहे ते, आणि जाताना परत दाखवा. इंजिनिअर तरुण होता आणि मानी होता. त्यानं बॅगेची चेन लावली, खराब हो तब बुलाइए म्हणाला आणि गेला. तो घाबरला, असं बाईंनी कृष्णरावांना सांगितलं.

मग बाईंनी पाळत ठेवली. दुपारी जेवायला जाते असं सांगून त्या जिना उतरल्या आणि मागच्या लोखंडी जिन्यानं वर येऊन खिडकीच्या फटीशी उभ्या राहिल्या. ऊन पाठीवर होतं. आत हिरा एका मुलीला शिकवत होती. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि बाईंना वाटू लागलं की हिला समजलं असावं. मग पडदा थरथरला. हिरानं मुलीला उठवलं. डब्यावर तळवा ठेवून ती काहीतरी पुटपुटली. मग तिनं दाराकडे एकदा पाहिलं, खुर्ची ओढून डब्याच्या बाजूला वाकली आणि मागच्या बाजूला हात घातला.

बाई आत कशा आल्या ते त्यांनाही नंतर आठवेना. टाइपरायटर एकामागून एक थांबले.

"मागं हात कावून घातला?"

हिरा दचकली, पण हात तसाच राहिला. "तापून राहिलं हाय बाई. चुलीवानी. तुम्हीच हात लावून पाहा ना."

बाईंनी हात लावला नाही. "तापते म्हणून तुले कोणं सांगतलं?"

हिराला खोटं बोलता आलं असतं. आपलं आपण समजलं म्हणाली असती तर कदाचित तो दिवस निभावलाही असता. पण तिनं सरळ सांगितलं, की कोजागिरीला अरुणकुमारला विचारलं होतं, आमचं मशीन दुपारी असं कावून करते म्हणून, आणि तो म्हणाला की आतून तापत असेल, मागं हात लावून पाहा.

एवढंच पुरे होतं. आपल्या क्लासाची अडचण हिनं शत्रूच्या मांडवात नेऊन सांगितली, आणि त्यानं शिकवलं तसं ही मागे हात घालते आहे, चोरून, दाराकडे बघून. बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हटलं, "चाबी दे."

हिरानं पदराची गाठ सोडली. ती पटकन सुटेना, कारण वर्षानुवर्षं तिथेच बांधलेली होती. चाबी तिनं बाईंच्या हातात दिली नाही, जवळच्या टाइपरायटरवर ठेवली. मग भिंतीकडच्या रिकाम्या मशिनांवर एकेक करून रेक्झिनचं कव्हर घातलं, रोज निघताना घालायची तसं, आणि जिना उतरून गेली. मुलं खाली मान घालून बसली होती. बाईंनी त्यांना टायपिंग चालू ठेवायला सांगितलं.

आता दोन्ही बॅच बाईंच्या. पहिल्याच दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या स्वतःच्या बोटांखाली अक्षरं थरथरली, पळाली आणि थिजली. बाईंना याचं फारसं नवल वाटलं नाही. जाण्याआधी करून ठेवलं असेल हिनं काहीतरी. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग चिवडा खाणाऱ्या त्या दोन मुलांवर काही काळ नजर होती. त्यांना सुट्टी दिली तरी मशिनाचे चाळे थांबेनात.

शेवटी एका रविवारी क्लास बंद असताना बाई एकट्याच जिना चढल्या. दोन्ही चाब्या त्यांच्याकडे. दार आतून लावलं, खिडकीला बोल्ट. केस जागेवर नव्हता, फरशीवर पडला होता, पण कपाट उघडून पाहिलं तर आत सगळं जसंच्या तसं होतं. गाठ घट्ट. त्यांनी मशीन चालू केलं आणि समोर बसून राहिल्या, बोटही न लावता. खाली रस्त्यावर भाजीवाले ओरडत गेले. प्लांटचा भोंगा झाला. बराच वेळ पडद्यावरचा एकुलता हिरवा चौकोन शांतपणे मिचमिचत राहिला, आणि मग सगळा पडदा थरथरू लागला. ओळी खालीवर पळाल्या. मग सगळं थिजलं.

खोलीत आता संशय घ्यायला त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

बाईंनी उठून डब्यावर तळवा ठेवला. हात झटकन मागे घ्यावा लागला. चुलीवानी, हिरानं सांगितलं होतं तसंच.

या वेळी त्यांनी इंजिनिअरला दुपारी बोलावलं आणि मशीन सकाळपासून चालू ठेवलं. तो आला तेव्हा पडदा थिजलेलाच होता. बॅग बाईंनी बघायला मागितली नाही. त्यानं डबा वळवला, मागचा नाडा पाहिला आणि कापू का म्हणून विचारलं. बाईंनी स्वतःच कात्री आणून दिली. वेढे सुटले, पण टोक जाळीतून बाहेर येईना. तो ओढत राहिला, नाडा ताणला गेला, पण सुटला नाही. मग त्यानं स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

मागच्या जाळीच्या आत एक लहानसा पंखा होता. बाईंनी तो कधी पाहिला नव्हता, असा पंखा आत असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या दांड्याभोवती लाल-पिवळा नाडा चरखीवर दोरा गुंडाळावा तसा गच्च गुंडाळला होता, आणि पाती धुळीनं माखून एका जागी उभी होती.

इंजिनिअर हसला. "माताजी, पंखे को राखी किसने बाँधी?"

बाईंच्या तोंडात उत्तर तयार होतं. बॅचमधल्या पोरांनी बांधली असेल, किंवा ती एक बाई इथे होती, आता नाही. दोन्हीपैकी कुठलंही चाललं असतं, आणि विचारणारा संध्याकाळच्या बसनं निघून जाणार होता.

"मैंने," त्या म्हणाल्या.

त्यानं ब्लेडनं धागे कापून काढले, ब्रशनं पाती झाडली, झाकण लावलं. आत हवा खेळायला हवी, नाहीतर सगळं तापतं, तापलं की पडदा थरथरतो आणि मशीन अडकतं, आग लागली नाही हे नशीब, असं सगळं त्यानं सांगितलं. मग बटन दाबलं. घुंऽऽ घुंऽऽ सुरू झाली. बाई तो आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मशीन शांत झालं म्हणून आपण सगळ्यांना सांगत सुटलो होतो, हे त्यांना आठवलं आणि कान गरम झाले.

रुआबांध्याला त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. हिरा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि दारात भावजय उभी होती, पाहुणी कोण आली हे न विचारता बघत. बाईंना बसायला कुणी काही दिलं नाही. हिरानं पोतं पुढे सरकवलं, त्यावर त्या टेकल्या. त्यांनी सांगितलं की मशीन सुरू झालं. मग सांगितलं की नाडा पंख्यात गेला होता. बांधला कुणी, हे हिराला सांगायची गरज नव्हती, तबक तिनंच धरलं होतं. तरी बाईंनी ते सांगितलं, आणि आपण का बांधला तेही सांगायला तोंड उघडलं.

"कावून बांधला ते मले मालूम हाय," हिरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कपाटाले केस लावता, थोही मालूम हाय. पह्यल्या वर्षापासून."

बाईंनी समोरची एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"वाऱ्यानं पडे बाई. झाडू मारताना पडे. मंग मीच परत लावून देत होती. तुमचा नाही सापडला तं माहा लावत होती. नाहीतं तुमाले झोप नसती आली." तिनं सोललेले दाणे सुपात सारखे केले. "नाड्याले तेवढा हात नाही लावला. देवाचा होता म्हणून."

दारातली भावजय आत गेली. बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते लपवलं नाही. चुकलं माझं, असं त्या म्हणाल्या. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फार वेळा म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते घाईत म्हटल्यासारखं झालं. मग त्यांनी रुमालातून चाबी काढून पुढे केली.

हिरानं चाबीकडे पाहिलं. "येईन मी उद्यापासून. घरी बसून भागत नाही माहं. पण चाबी तुमच्याजवळच असू द्या. दार तुम्हीच उघडत जा."

तेव्हापासून दुपारी हिरा वेळेवर येते आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहते. बाई जेवण आटोपून, झोप टाकून, चाबी घेऊन येतात आणि दार उघडतात. हिरा नीट बोलते, नीट शिकवते, सणाला पुरणपोळी घेऊन येते. मशीन दिवसभर घुंऽऽ करत चालतं. चाबी घे, असं बाईंनी मधे दोनदा म्हणून पाहिलं. हिरा प्रत्येक वेळी हसून म्हणाली की असू द्या, तुमाले बरं राहते.

उन्हाळा लागला आणि खिडक्या उघड्या राहू लागल्या. एका दुपारी दार उघडून बॅच सुरू झाल्यावर बाईंना कपाटाचा केस खाली फरशीवर पडलेला दिसला. हिरा पाठ करून एका मुलीला बोटं कुठे ठेवायची ते दाखवत होती. केसावरून तिची चप्पल गेली असावी, तो थोडा मळला होता. बाईंनी सवयीनं डोक्याला हात नेला, नवा केस काढला, आणि तो ओला न करताच हातात धरून उभ्या राहिल्या. मग तो खिडकीतून सोडून दिला, कपाटाचं कुलूप काढून किल्लीसकट आत ठेवलं आणि दार उघडं टाकलं. हिराला हाक मारून त्या म्हणाल्या की आजपासून या कपाटाला कुलूप नको, दार उघडंच राहू दे.

हिरानं ऐकलं. शिकवणं थांबवून ती उठली, कपाटाचं दार लावून घेतलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली बाईंच्या टेबलावर आणून ठेवली.